कूलरमागची ओल

मंदाबाईंची एक सवय होती. मुलानं चांगला प्रश्न विचारला, की त्या त्याच दिवशी उत्तर द्यायच्या नाहीत. "उद्या," म्हणायच्या. "आज उशाशी घेऊन झोप." शाळेत शिकवत होत्या तेव्हाही असंच, आणि निवृत्त झाल्यावर नशिराबादच्या आपल्या घराच्या ओट्यावर सुट्टीतली शाळा भरवू लागल्या तेव्हाही तसंच. लगेच मिळालेलं उत्तर मूल विसरतं, रात्रभर डोक्यात घोळलेला प्रश्न विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलांनाही हे ठाऊक झालं होतं. एखाद्याला लगेच उत्तर मिळालं तर बाकीची त्याला चिडवायची, "तुझा साधाच होता रे."

ओट्यावरची शाळा उन्हाळ्यात सकाळी लवकर भरायची आणि ऊन चढायच्या आत सुटायची. पाच-सहा मुलं यायची. त्यात सगळ्यात आधी येणारी अफिफा. ती सहावीतून सातवीत गेली होती. कूलर बनवणाऱ्या युसूफची ती मुलगी. तिच्या ओढणीचं टोक धरून तिचा धाकटा भाऊ नईम यायचा. तो अजून शाळेत जात नव्हता, पण पहिल्या रांगेत बसायचा आणि कोणी विचारलं नसलं तरी उत्तर द्यायचा. किराणा दुकानदार लखीचंद शेठची नात प्रियल ही अफिफाची मैत्रीण. ती आली की ओट्यावर बडीशेपेचा वास यायचा, कारण तिच्या खिशात ती कायम असायची.

त्या दिवशी बाईंनी मुलांना ओट्यावर बसू दिलं नाही. म्हणाल्या, "चला, आज एक शब्द दाखवायचा आहे."

"शब्द दाखवतात का, बाई?" प्रियल म्हणाली. "सांगतात."

"हा दाखवावा लागतो."

त्या मुलांना घेऊन युसूफच्या घरामागच्या अंगणात गेल्या. युसूफ तिथंच पत्र्याच्या चौकटीला रंग देत बसला होता. मे महिना म्हणजे त्याचा हंगाम. गावात नव्या कूलरची मागणी, जुन्यांची दुरुस्ती, आणि प्रत्येकाच्या ताट्या बदलायचं काम. ताटी म्हणजे कूलरच्या तिन्ही बाजूंना असते ती जाळी. तिच्यात लाकडाचं बारीक सोललेलं गवत दाबून भरलेलं असतं आणि त्याच्यावरून पाणी झिरपतं. वर्षाच्या वापरानं ते गवत काळं पडतं, क्षारानं कडक होतं. युसूफ नवं गवत भरून द्यायचा आणि जुनं आपल्या लोडिंग रिक्षात टाकून घरी आणायचा. घरामागं त्याच्या स्वतःच्या कूलरखाली त्या जुन्या गवताचा ढीग साठत जायचा. कूलरमधून दिवसभर थेंब थेंब पाणी गळायचं. ते पाणी ढिगात मुरायचं, आणि ढिगाच्या कडेला युसूफची बायको जुबेदा हिनं लावलेला पुदिना भर उन्हाळ्यात हिरवागार असायचा. म्हणूनच गळती युसूफला दिसत असूनही तो ती थांबवत नव्हता. कूलरवाल्याच्याच घरचा कूलर गळतो, म्हणून गल्ली हसायची. तो पुदिन्याच्या जुड्या वाटून त्यांची तोंडं बंद करायचा.

"या बाई," युसूफ उठत म्हणाला. "आज आमच्या घरी शाळा?"

"तुमच्या घरी नाही, घराच्या मागं. तुम्ही तुमचं काम करा."

बाईंनी मुलांना आधी कंपाउंडच्या भिंतीजवळ नेलं. तिथली माती भाजून पांढरी झाली होती, तिला भेगा पडल्या होत्या. नईमनं मूठभर उचलली, ती बोटांतून पिठासारखी गळून गेली.

"इथं कोण राहतं?"

मुलांनी बघितलं. एक मुंगी घाईघाईनं जाताना दिसली. ती राहणारी नव्हती, वाटेनं चाललेली होती.

मग त्यांनी मोरीचं पाणी साचायचं त्या खड्ड्याजवळ नेलं. तिथं काळा चिखल होता. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. नईमनं नाक धरलं.

"इथं?"

"डास," तो नाक धरूनच म्हणाला. सगळे हसले.

शेवटी त्या कूलरच्या मागं आल्या. गवताच्या ढिगाखालची माती त्यांनी बोटानं उकरली आणि अफिफाच्या हातावर ठेवली. "मूठ मिट. आता उघड."

अफिफानं मूठ उघडली. मातीचा गोळा झाला होता. तिच्या बोटांचे ठसे त्याच्यावर उमटले होते. बाईंनी अंगठ्यानं जरा दाबला तसा तो मोकळा झाला, हाताला चिकटला नाही.

"पहिली जागा कोरडी. शास्त्रज्ञ तिला झेरिक म्हणतात. दुसरी पाण्यानं भरलेली, ती हायड्रिक. आणि ही मधली. हिला म्हणतात मेसिक. ग्रीक लोक मधल्याला मेसोस म्हणायचे, त्यावरून. आपल्या पुस्तकांत मध्यम आर्द्र असं लिहितात. जिथं ओल आहे पण पाणी साचत नाही, आणि जी लवकर सुकतही नाही, अशी राहायची जागा."

"म्हणजे वाफसा," प्रियल म्हणाली. तिच्या आजोबांच्या दुकानात दिवसभर शेतकरी बसायचे, त्यामुळे असे शब्द तिला येत.

"जवळ आलीस. पण वाफसा ही जमिनीची चार दिवसांची अवस्था असते. पाऊस पडून गेला, जमीन नांगरण्याजोगी झाली, की आपण म्हणतो वाफसा आला. तो येतो आणि जातो. मेसिक हे जागेचं वर्णन आहे, तिथं राहणाऱ्या जिवांच्या बाजूनं केलेलं. त्यांना किती ओल मिळते, एवढंच हा शब्द सांगतो. आणि आजूबाजूच्या मानानं सांगतो. ही जागा कोकणात नेऊन ठेवली तर तिथले लोक तिला कोरडीच म्हणतील. पण नशिराबादच्या मे महिन्यात हीच मधली."

अफिफानं गवताचा एक थर काडीनं उचलला. आत काळोख होता आणि गार वाटत होतं. पोटाशी पाय घेऊन गोळा होणारे राखाडी किडे, एक गोम, भिंतीकडे पळालेली पाल. आणि अगदी आत, गवताला टेकून, एक जाडजूड बेडूक. डोळे अर्धे मिटलेले, पोट जमिनीवर पसरलेलं.

"हा आमच्या आजोबांसारखा बसलाय गादीवर," प्रियल म्हणाली. "याला शेठ म्हणायचं."

"शेठ, दोन किलो साखर द्या," नईम बेडकासमोर उकिडवा बसून म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की मागं मातीवर पडला.

"म्हणजे बाई, ही सगळ्यात चांगली जागा," अफिफा म्हणाली. "मेसिक म्हणजे चांगली."

"नाही. शब्द चांगलं-वाईट सांगत नाही. तो फक्त ओल सांगतो. तुमच्या मनानं 'मधलं म्हणजे चांगलं' असं त्याला जोडून टाकलं." बाईंनी अंगणाभोवती हात फिरवला. "चारी बाजूंना भाजून निघालेली जमीन आहे. मध्ये एवढीच ओल. मग काय होईल? सगळेच इथं येतील. किडे ओलीसाठी आले. पाल आणि बेडूक किड्यांसाठी आले."

अफिफा ढिगाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि बेडकासाठी कोण येतं?"

बाईंचा चेहरा उजळला. अख्ख्या सुट्टीत असा प्रश्न आला नव्हता. एकातून दुसरा काढलेला, मुलीनं स्वतःच्या पायांनी गाठलेला.

"उद्या," त्या म्हणाल्या. "आज उशाशी घेऊन झोप."

"बाई, साधा नव्हता ना?"

"अजिबात नाही."

युसूफ ब्रश पुसत जवळ आला. "मुलांचं बघून झालं असेल तर आज संध्याकाळी हा ढीग पेटवून टाकतो, बाई. फार झालाय. आणखी माल येतोय."

"अब्बा, नाही," अफिफा म्हणाली. "शेठ कुठं जाईल? आणि उद्याचा धडा याच्यावरच आहे."

"धडा की बेडूक, एक काय ते ठरव."

"बाई, सांगा ना अब्बांना."

उत्तर काय आहे हे बाईंना माहीत होतं. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर ते आलंही असेल. पण तो उद्याचा भाग होता. उद्या त्या मुलांना दूर उभं करून, युसूफच्या हातात लांब सळई देऊन, ढीग उलटवून दाखवणार होत्या. आज सांगितलं असतं तर मुलं घाबरली असती आणि प्रश्न तिथंच संपला असता.

"उद्या सकाळपर्यंत राहू द्या, युसूफभाई," त्या म्हणाल्या. "उद्या माझ्यासमोरच काढा."

"बाईंचा हुकूम," युसूफ म्हणाला.

निघताना बाईंची नजर भिंतीच्या तळाशी गेली. तिथं रबरी नळी आत जाण्यापुरतं भोक होतं. घरातल्या नळाचं पाणी कूलरच्या टाकीत आणायला युसूफ असं भोक पाडायचा. स्वतःच्या घरी, आणि गावात जिथं जिथं कूलर बसवायचा तिथं. नळी बारीक आणि भोक मोठं.

"हे लिंपलं नाही?"

"नळी बदलावी लागते, बाई. लिंपलं की पुन्हा फोडा. त्यापेक्षा उघडं बरं. थोडी हवा येते," युसूफ हसून म्हणाला.

बाईंनी भोकाकडं पुन्हा एकदा पाहिलं आणि मुलांना घेऊन निघाल्या. ऊन पत्र्यावर चढलं होतं. मुलं घरी पांगली.

दुसऱ्या दिवशी मंदाबाई अंगण झाडत असताना अफिफा आली. अजून नीट उजाडलं नव्हतं. तिच्या पायात चप्पल नव्हती.

"बाई, नईमला ऊन लागलंय. अम्मी म्हणते तुमच्याकडे कैरी आहे का. पन्हं करायचंय."

बाईंनी टोपलीतल्या दोन कैऱ्या काढल्या. "काल उन्हात खेळला होता का?"

"दुपारी बर्फाचा गोळा खायला गेला होता, मोहसीनच्या गाडीवर. पहाटे उठला, पोटात दुखतंय म्हणाला. दोनदा उलटी झाली. बेबाबाईंनी कांद्याचा रस लावला तळपायाला." मग ती म्हणाली, "बाई, तो माझ्याकडे बघून म्हणाला, आपा, तुम्ही दोघी का आलात. मी एकटीच होते."

बाईंनी हातातल्या कैऱ्या परत टोपलीत टाकल्या. त्या तशाच, मोकळ्या केसांनी, तिच्याबरोबर निघाल्या.

खोलीत कूलर चालू होता. खाली फरशीवर अंथरूण. घरात खाट होती, पण उन्हाळ्यात तिच्यावर कोणी झोपत नसे. फरशी गार लागते. ज्याला जास्त गार हवं त्यानं भिंतीकडेला, कूलरच्या बरोबर खाली झोपायचं, आणि ती जागा नईमनं भांडून मिळवली होती. तो तिथंच पडला होता. जुबेदा वाटीतून काहीतरी पाजायचा प्रयत्न करत होती. पाणी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून खाली ओघळत होतं. शेजारच्या बेबाबाई त्याचे तळपाय चोळत होत्या. पारोळ्याकडून या गावात नांदायला आलेली म्हातारी बाई, गल्लीतल्या प्रत्येक मुलाचं दुखणं-खुपणं त्यांनी काढलेलं.

"पोऱ्याले ऊन लागनं शे," त्या म्हणाल्या. "घंटाभरमा बठ्ठं उतरी जाई."

पोराला ऊन लागलंय, तासाभरात सगळं उतरेल, हे या भागात कोणीही म्हटलं असतं. मे महिन्यात इथं मूल मलूल झालं, ओकलं, डोळे मिटून पडलं, तर ऊनच लागलेलं असतं. कांदा, पन्हं, ओलं फडकं. शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते बरोबर ठरतं.

मंदाबाई खाली बसल्या. त्यांनी नईमच्या कपाळाला हात लावला, मग पोटाला.

"जुबेदा, याचं अंग तापलेलं नाही."

"मी ओलं फडकं ठेवलं होतं, बाई."

"ऊन लागलं तर अंग भट्टीसारखं होतं. हे गार आहे." त्या वाकल्या. "नईम. बेटा, माझ्याकडे बघ. डोळे उघड."

नईमनं भुवया वर ओढल्या. कपाळाला आठ्या पडल्या, पण पापण्या उचलल्या गेल्या नाहीत. तो काहीतरी म्हणाला. शब्द जाड झाले होते, जिभेखाली काहीतरी धरून बोलावं तसे.

बाईंनी मान वळवून भिंतीच्या तळाकडं पाहिलं. नळी होती. नळीभोवतीचा काळा गोल होता. तिथून नईमची उशी हातभर अंतरावर होती.

"युसूफभाई, गाडी काढा. जळगाव. आत्ता."

"सलाईन इथले डॉक्टरपण लावतील, बाई. दवाखाना उघडला की..."

"याला मण्यार चावली आहे."

मग जुबेदानं नईमचे हात, पाय, मान उलटसुलट करून बघायला सुरुवात केली. "कुठं? कुठं काही नाही. रक्त नाही, सूज नाही. तो रडलाही नाही, बाई. चावली असती तर ओरडला असता."

"तिच्या चावण्याचं दुखत नाही. झोपलेलं माणूस जागंही होत नाही. खूण शोधत बसू नकोस. उचल त्याला."

लोडिंग रिक्षात आदल्या दिवशीच्या पत्र्याच्या चौकटी होत्या. त्या उतरवायलाही युसूफ थांबला नाही. मागं चौकटींच्या मध्ये जुबेदा नईमला मांडीवर घेऊन बसली, शेजारी बाई. अफिफाला कोणी ये म्हटलं नाही आणि कोणी उतर म्हटलं नाही. ती नईमचे पाय धरून बसली. हायवेवर ट्रकांची रांग लागलेली होती. युसूफ हॉर्नवरचा हात काढत नव्हता. पत्रे खडखडत होते.

वाटेत नईमचा श्वास उथळ झाला. छाती हलते आहे की गाडीच्या धक्क्यानं हलल्यासारखी वाटते आहे, ते कळेना. मग ओठांचा रंग गेला. बाईंनी त्याला जुबेदाच्या मांडीवरून खाली, पत्र्यावर आडवं केलं. कधीकाळी मुलींना शिबिरात शिकवलं होतं ते त्यांच्या हातांना आठवलं. डोकं मागं, हनुवटी वर, नाक दाबून धरायचं. त्यांनी त्याच्या तोंडात आपला श्वास भरला. छाती वर आली. सोडला, खाली गेली. पुन्हा.

"अफिफा, याचं डोकं धर. हलू देऊ नकोस. छातीकडे बघ. वर आली की सांग."

"आली," अफिफा म्हणायची. "आली, बाई."

मध्येच एकदा, बाई दम घेत असताना, ती अगदी हळू म्हणाली, "बेडकासाठी ती येते ना?"

बाईंनी मान हलवली आणि पुन्हा वाकल्या.

रुग्णालयात डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. पापण्या बघितल्या, लगेच घशात नळी घातली, यंत्राला जोडलं, सलाईनमधून सर्पविषावरचं औषध सुरू केलं. तरुण डॉक्टर होता. त्यानं बाईंना बाजूला घेऊन विचारलं, पोटात कधीपासून दुखत होतं. पहाटे, त्या म्हणाल्या. म्हणजे रात्रीत कधीतरी चावली, तो म्हणाला. मग म्हणाला, "वाटेत तुम्ही श्वास दिलात म्हणून तो इथवर आला. पण मध्ये किती वेळ तो श्वासाशिवाय होता, ते सांगता येत नाही."

यंत्र दुसऱ्या दिवसापर्यंत नईमची छाती वर-खाली करत राहिलं. जुबेदा काचेतून बघायची आणि म्हणायची, श्वास घेतोय. तिला कोणी समजावलं नाही. संध्याकाळच्या नमाजाच्या आधी डॉक्टर बाहेर आले तेव्हा युसूफ जिन्याखाली बसलेला होता. त्यानं डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि उठायचा प्रयत्न केला नाही.

नशिराबादच्या कब्रस्तानात सकाळी दफन झालं. प्रत्येकानं रीतीप्रमाणे तीन मुठी माती टाकली. वरची माती भाजून भुसभुशीत झालेली होती. युसूफनं मूठ मिटली, ती उघडायच्या आतच माती बोटांच्या फटींतून निघून गेली. त्यानं पुन्हा मूठ भरली.

घरी आल्यावर त्यानं लांब सळई घेतली आणि एकेक थर उलटत गवताचा ढीग मोकळा केला. गल्लीतले चार-पाच जण काठ्या घेऊन उभे राहिले. तळाशी, भिंतीला लागून, ती वेटोळं करून पडली होती. काळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे, डोकं स्वतःच्याच अंगाखाली लपवलेलं. माणसांनी मारली तेव्हाही ती फारशी हलली नाही.

"एवढीशी," युसूफ म्हणाला. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. "एवढीशी. माझ्या करंगळीएवढी."

शेठ कुठंच नव्हता.

ओट्यावरची शाळा बंद झाली. मुलं एक-दोनदा येऊन, बंद दार बघून परत गेली. मंदाबाई आतच असायच्या. आपण काय सांगितलं नाही आणि का सांगितलं नाही, याचा त्या हिशेब लावत आणि तो प्रत्येक वेळी तिथंच येऊन थांबे. एका रात्रीचा प्रश्न होता. उशाशी घेऊन झोपायला त्यांनीच सांगितलं होतं.

युसूफ एकदा आला होता. दारातच उभा राहिला.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"त्या दिवशीच सांगितलं असतं तर मी उभ्या उभ्या पेटवलं असतं."

"हो, युसूफभाई."

त्यानं दाराच्या चौकटीवर हात टेकला. मग म्हणाला, "भोक मी पाडलं होतं. तुम्ही विचारलंत, लिंपलं नाही का. मी हसलो." आणि तो निघून गेला.

त्यानंतर एका सकाळी अफिफा आली. ओट्यावर आपल्या नेहमीच्या जागी बसली. शेजारची, नईमची जागा तिनं सोडली होती. बाई दार उघडून बाहेर आल्या.

"बाई, माझं उत्तर राहिलं."

"अफिफा, तुला आता ते ठाऊक आहे."

"तुम्ही सांगितलेलं नाही. तुम्ही उद्या म्हणाला होता."

मंदाबाई तिच्यासमोर खाली बसल्या. या वेळी त्यांनी काही उद्यावर ठेवलं नाही. बेडकांसाठी, पालींसाठी आणि उंदरांसाठी मण्यार येते. ती दिवसा ओलीत, गारव्यात, विटांच्या आणि गवताच्या आड झोपते. रात्री निघते. ती माणसाला शोधत येत नाही. भिंतीला लागून पाली असतात म्हणून भिंतीच्या कडेनं चालते, वाटेत ऊब असली तर थांबते. उन्हाळ्यात सगळं शिवार तापलेलं असतं, म्हणून ती वस्तीत येते, आणि वस्तीत जिथं मधली ओल असते तिथं राहते. जमिनीवर झोपू नये. झोपायचंच तर मच्छरदाणी गादीखाली घट्ट खोचावी. पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या, एकाचे दोन दिसू लागले आणि अंग गार असलं, तर कांदा शोधू नये, गाडी शोधावी. सगळं एका दमात. बोलताना त्यांचा आवाज शाळेतल्यासारखाच होता.

अफिफानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अशी जागा आमच्याच घरी होती?"

"नाही."

"कोणाकोणाच्या?"

"ज्याचा कूलर गळतो त्याच्या. तुझे अब्बा जुन्या ताट्या घेऊन जातात, तरी पुष्कळ जण मागंच टाकतात. आणि भोकं..."

"भोकं अब्बांनी सगळीकडं पाडलीत."

मग अफिफा उठली. बाईंनी चप्पल घातली.

त्या युसूफच्या घरी गेल्या तेव्हा तो खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. अंथरूण गुंडाळून खाटेवर ठेवलेलं होतं. कूलर बंद होता. त्या दिवसानंतर जुबेदानं तो लावू दिला नव्हता. आपल्याला काय हवं ते अफिफानं त्याला सांगितलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं. मग उठून कोपऱ्यातली अर्धी सिमेंटची गोणी खांद्यावर घेतली आणि घमेलं अफिफाच्या हातात दिलं.

पहिलं घर लखीचंद शेठचं. प्रियलची आजी तारादेवी दारातच गहू निवडत होती. तिनं युसूफला बघितलं आणि पदर डोक्यावर नीट ओढून घेतला.

"या भाऊ, बसा. पाणी घ्या."

"नंतर, भाभी. मागं जायचंय."

"तुम्हाला या घरी आता काही काम करायची गरज नाही, युसूफभाई. घरी बसा काही दिवस."

"काम माझंच राहिलंय," युसूफ म्हणाला.

मागच्या बाजूला कूलर चालू होता. त्याच्या स्टँडखाली गेल्या वर्षीच्या दोन ताट्या एकावर एक टाकलेल्या होत्या. भिंतीच्या तळाशी नळी होती, नळीभोवती भोक. अफिफा खाली वाकणार तेवढ्यात बाईंनी तिला मागं ओढलं. युसूफनं सळईनं ताट्या उलटवल्या, सगळीकडं नीट बघितलं. काही नव्हतं. गोळा होणारे राखाडी किडे तेवढे इकडंतिकडं पळाले. मग बाईंनी हात सोडला.

अफिफानं ताट्यांखालची माती घेतली. मूठ मिटली. उघडली. गोळा झाला होता, तिच्या बोटांचे ठसे त्याच्यावर स्पष्ट उमटले होते.

"मेसिक," ती म्हणाली. नंतर तिनं भिंतीकडं बोट केलं आणि तारादेवीला विचारलं, "दादी, याच्या पलीकडं कोण झोपतं?"

तारादेवीनं मागं वळून बघितलं. तिच्या मागून आलेली प्रियल दारातच थांबली होती.

"मी," प्रियल म्हणाली.

युसूफनं गोणी खाली ठेवली आणि घमेल्यात सिमेंट ओतलं.